अतिवेगाची तबकडी घरी का आली नाही?

वेगाचे आकर्षण मनुष्यमात्राला आहे. बैलगाडी टाकून मोटारीत बसणाऱ्याला कोणी वेडा म्हटले नाही, आणि पोस्टकार्ड सोडून टेलिफोन उचलणाऱ्यालाही कोणी हसले नाही. जे जलद ते चांगले, हा व्यवहाराचा सरळ न्याय आहे. परंतु आज घरोघर दिसणाऱ्या संगणकाच्या पोटात डोकावले असता हा न्याय एका ठिकाणी अडखळलेला दिसतो. मिनिटाला १५,००० फेरे घेणारी हार्ड डिस्क २००० साली बाजारात आली. त्या वेळी घरगुती संगणकात मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्क असत. पंचवीस वर्षे उलटून गेली. संगणकाचे बाकीचे अवयव या काळात कित्येक पटींनी वेगवान झाले. पण घरची फिरती हार्ड डिस्क, एखाददुसरा अपवाद वगळता, ७,२०० फेऱ्यांच्या पुढे सरकली नाही. तसे यंत्र करता येत नव्हते म्हणावे, तर ते तयारच होते. लोकांना वेग नको होता म्हणावे, तर तेही खरे नाही. मग ही अतिवेगाची तबकडी घरच्या उंबऱ्याशीच का थबकली?

हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा आहे असे कोणी समजू नये. मुलाच्या शिक्षणासाठी अथवा दुकानाच्या हिशेबासाठी आपण संगणक घ्यावयास जातो, तेव्हा विक्रेता आकड्यांची एक लांबलचक माळ आपल्यापुढे धरतो. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, अशा समजुतीने आपण गाठीचे पैसे मोजतो. कोणत्या आकड्याला कोठे किंमत आहे आणि कोठे नाही, हे ओळखण्याची दृष्टी एका तबकडीच्या गोष्टीवरून आपल्याला येऊ शकते. म्हणूनच आम्ही हा विषय निवडला.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. ग्रामोफोनची तबकडी पुष्कळांनी पाहिली असेल. हार्ड डिस्क ही तिची दूरची बहीण होय. एका बंद पेटीत ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या एकावर एक बसविलेल्या असतात, त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, आणि एक मोटार त्यांना अखंड फिरवीत असते. बाजूने एक हात आत-बाहेर सरकतो. त्याच्या टोकाशी वाचण्या-लिहिण्याचे एक चिमुकले साधन असते, त्याला हेड म्हणतात. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. हे हेड मात्र टेकत नाही. फिरत्या तबकडीबरोबर ओढल्या गेलेल्या हवेच्या पापुद्र्यावर ते तरंगत असते, आणि आजच्या यंत्रांत हे अंतर काही नॅनोमीटरच असते. मनुष्याचा केस सरासरी ऐंशी हजार नॅनोमीटर जाडीचा धरला, तर या अंतराची कल्पना यावी.

आता या तबकडीवरील एखादी नोंद वाचावयाची आहे असे समजा. त्यासाठी दोन वेळा वाट पाहावी लागते. पहिली वाट हाताची: तो आपल्या जागेवरून उठून नेमक्या वर्तुळाकार मार्गावर जाऊन स्थिरावला पाहिजे. दुसरी वाट फेऱ्याची: हात मार्गावर पोचला तरी हवी असलेली नोंद त्या क्षणी तबकडीच्या दुसऱ्याच बाजूला असू शकते. जत्रेतल्या चक्रावर आपले मूल लाकडी घोड्यावर बसलेले असते, आणि त्याच्या हातात फुगा द्यायचा तर तो घोडा फिरत फिरत आपल्यासमोर येईपर्यंत थांबावे लागते, तसाच हा प्रकार. नशीब चांगले असेल तर घोडा समोरच असतो, वाईट असेल तर नुकताच पुढे गेलेला असतो. सरासरीने अर्धा फेरा वाट पाहावी लागते.

चक्र जोरात फिरविले तर ही दुसरी वाट कमी होते, हे उघड आहे. मिनिटाला ५,४०० फेरे असतील तर अर्ध्या फेऱ्याला सुमारे ५.६ मिलिसेकंद लागतात; मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. ७,२०० फेऱ्यांना ४.२, १०,००० फेऱ्यांना ३ आणि १५,००० फेऱ्यांना २ मिलिसेकंद. हाताची वाट यात मिळवली म्हणजे एकूण हिशेब पुरा होतो. घरगुती ७,२०० फेऱ्यांच्या यंत्रात हाताला सरासरी साडेआठ मिलिसेकंद लागतात असे धरा. एकूण वाट पावणेतेरा मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला ७९ मागण्या पुऱ्या होतील. १५,००० फेऱ्यांच्या यंत्रात हातही चपळ, त्याचे साडेतीन मिलिसेकंद; एकूण साडेपाच, म्हणजे सेकंदाला सुमारे १८० मागण्या. दुपटीहून अधिक काम! मग हे यंत्र घरी का आणू नये?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी थोडा इतिहास पाहणे उपयोगाचे आहे. जगातील पहिली व्यापारी हार्ड डिस्क आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली पुढे आणली. कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली ती घडली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत, आणि या साऱ्या अवजड कपाटात पन्नास लाख अक्षरे मावत. हव्या त्या नोंदीपर्यंत पोचण्यास सरासरी सहाशे मिलिसेकंद लागत. अर्धा फेरा अवघ्या पंचवीस मिलिसेकंदांचा होता. बाकीचा सारा वेळ हाताच्या प्रवासाचा. पुढे तबकड्या लहान झाल्या, हात हलके झाले. १९८० साली सीगेट कंपनीने सव्वापाच इंची हार्ड डिस्क काढली, तिचा वेग ३,६०० फेरे होता आणि तीच घराघरांतील छोट्या संगणकांच्या हार्ड डिस्कची पूर्वज ठरली. त्याच कंपनीने १९९२ साली ७,२००, १९९६ साली १०,००० आणि २००० साली १५,००० फेऱ्यांचा टप्पा गाठला. पहिल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत वेग साडेबारा पट झाला, आणि मग तो थांबला. त्यानंतर कोणी वीस हजार फेऱ्यांची हार्ड डिस्क बाजारात रुजविली नाही.

थांबण्याचे पहिले कारण हवा. पंखा जोराने फिरविला की मोटारीला अधिक जोर लागतो, हे आपण रोज पाहतो. तबकडीला पाती नसली तरी ती हवेला घासत फिरते. प्रयोगांवरून बसविलेला ठोकताळा असा, की हवेशी झगडण्यास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या सुमारे २.८ व्या घाताने आणि व्यासाच्या सुमारे ४.६ व्या घाताने वाढते. घातांची भाषा ज्यांना रुचत नाही त्यांच्यासाठी सोपे करून सांगतो: फेरे दुप्पट केले तर जवळजवळ सातपट शक्ती लागते, आणि व्यास दुप्पट केला तर चोविसपट. ही सारी शक्ती शेवटी उष्णता होऊन त्या बंद पेटीतच राहते.

घरगुती साडेतीन इंची हार्ड डिस्कमधील तबकडी सुमारे ९५ मिलिमीटर व्यासाची असते. तीच तबकडी ७,२०० ऐवजी १५,००० फेऱ्यांनी फिरविली तर हवेशी झगडण्याचा खर्च जवळजवळ आठपट होईल, आणि तिच्या कडेचा वेग ताशी २७० किलोमीटरांच्या घरात जाईल. ही उष्णता त्या पेटीला झेपणारी नाही. तेव्हा यंत्रज्ञांनी दुसऱ्या घाताचा आश्रय घेतला: वेग वाढविला आणि व्यास कापला. १५,००० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कची पेटी बाहेरून तेवढीच दिसली तरी आतील तबकडी ६५ ते ७० मिलिमीटरांचीच असे. ६५ मिलिमीटर धरून हिशेब केला, तर आठपटीचा खर्च उतरून सव्वा-दीडपटीच्या दरम्यान येतो. युक्ती चांगली, पण तिची किंमत दुसऱ्या खिशातून द्यावी लागली.

ती किंमत म्हणजे जागा. व्यास दोन-तृतीयांश झाला की क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होते. शिवाय मधला आस जागा अडवतो तो वेगळाच. दुसरी गोष्ट अशी, की वेगाने फिरणाऱ्या तबकडीभोवती हवेचे भोवरे उठतात, तबकडी व हात बारीक थरथरतात. तबकडीवरील मार्ग एकमेकांना इतके चिकटून असतात, की आजच्या यंत्रांत एका इंचात काही लाख मार्ग बसतात. अशा स्थितीत हात किंचित थरथरला तरी हेड शेजारच्या मार्गावर भरकटते. म्हणून वेगवान यंत्रांत मार्ग थोडे विरळच आखावे लागत. परिणाम काय झाला तो आकड्यांनीच पाहावा. २००० साली आलेल्या पहिल्या १५,००० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कमध्ये १८ गिगाबाइट मावत. त्याच वर्षी ७,२०० फेऱ्यांच्या घरगुती हार्ड डिस्कमध्ये ७५ गिगाबाइट मिळत होते. २००९ साली वेगवान यंत्र ६०० गिगाबाइटांपर्यंत पोचले, तोवर घरगुती यंत्राने २,००० गिगाबाइट गाठले होते. आणि हे कमी जागेचे यंत्र किमतीने मात्र कितीतरी महाग. घरातील लग्नाचे चित्रीकरण, मुलांची छायाचित्रे, गाण्यांचा संग्रह जपून ठेवू इच्छिणाऱ्या कुटुंबाला जागा आधी हवी असते, हे सांगावयास नकोच.

येथे कोणी म्हणेल, जागा कमी असली तर असो, पण चित्रपट तरी दुप्पट वेगाने उतरवून घेता येईल ना? तेही तसे नाही, आणि यातच या गोष्टीतील सर्वांत मौजेचा भाग आहे. मोठी फाइल सलग वाचताना हात फारसा हलत नाही. हेडखालून तबकडीची किती लांबी सरकते यावरच वेग ठरतो. घरगुती यंत्राच्या कडेला ही लांबी सेकंदाला सुमारे ३६ मीटर असते. १५,००० फेऱ्यांच्या यंत्रात फेरे दुपटीहून अधिक, पण तबकडी लहान. त्यामुळे कडेचा वेग सुमारे ५१ मीटरच भरतो. म्हणजे फेरे दुप्पट, आणि सरकणारी लांबी मात्र दीडपटही नाही! त्यात घरगुती यंत्राच्या तबकडीवर नोंदी अधिक दाट लिहिलेल्या असल्या, तर हेही अंतर बरेचसे भरून निघते. सलग कामात वेगवान यंत्राला नव्या घरगुती यंत्राने गाठावे, असे म्हणूनच वारंवार घडत गेले. चांगल्या प्रतीचा चित्रपट पाहण्यास सेकंदाला साधारण एक मेगाबाइट पुरते, आणि साध्या हार्ड डिस्कने त्याच्या कितीतरी पट पुरवठा कधीच सुरू केला होता.

आवाज आणि उष्णता यांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. घरगुती हार्ड डिस्क काम करताना सहा ते आठ वॅट वीज घेते. १५,००० फेऱ्यांची साडेतीन इंची हार्ड डिस्क बारा ते सोळा वॅट घेई. आकडे लहान दिसतात, पण मुठीएवढ्या बंद पेटीत ही उष्णता साठते. ज्या खोल्यांत अशी यंत्रे शेकड्यांनी ठेवीत, तेथे वातानुकूलन आणि गरगरणारे पंखे असतात व तेथे कोणी निजत नाही. आपल्याकडे विदर्भात वैशाखात सावलीतलेच तापमान पंचेचाळीस अंशांना टेकते. अशा घरात, मेजाखालच्या कोंदट कोपऱ्यात, धूळ खात ठेवलेल्या पेटीत हे प्रकरण कितपत नांदले असते याचा विचार ज्याचा त्याने करावा. लॅपटॉपच्या बाबतीत तर प्रश्नच उद्भवत नाही. तेथे बॅटरीच्या प्रत्येक वॅटाचा हिशेब असतो, म्हणून लॅपटॉपमध्ये ५,४०० फेऱ्यांवरच बहुतेकांनी समाधान मानले.

आणखी एक अडसर जोडणीचा. वेगवान हार्ड डिस्क ‘स्कझी’ व पुढे ‘सॅस’ या पद्धतीच्या जोडणीच्या असत. घरगुती संगणकात आधी ‘आयडीई’ व मग ‘साटा’ ही स्वस्त जोडणी असे. सॅस जोडणीच्या संगणकाला साटाची हार्ड डिस्क चालते, पण साटाच्या संगणकाला सॅसची हार्ड डिस्क चालत नाही. तेव्हा घरी ती बसवावयाची तर वेगळे कार्डही विकत घेणे आले. घोडा घेतला, आता तबेलाही बांधा, असा तो प्रकार.

इतके सारे तोटे असताना हे यंत्र मुळात कोणी घेतले, आणि का? आम्हांला वाटते, या विषयाचे मर्म याच प्रश्नात आहे. तबकडीचा वेग हा वेगासाठी वाढविलेला नव्हता. तो रांग मोडण्यासाठी वाढविलेला होता.

एस.टी. स्थानकावरील तिकिटाची खिडकी डोळ्यांपुढे आणा. दुपारच्या निवांत वेळी एखाददुसरा प्रवासी येतो. कारकुनाने एका मिनिटात तिकीट दिले काय किंवा अर्ध्या मिनिटात दिले काय, कोणाचे काही अडत नाही. पण यात्रेच्या दिवशी कारकून जितकी तिकिटे फाडू शकतो, जवळजवळ तितकेच प्रवासी सतत येत असतील, तर रांग वाढत वाढत रस्त्यावर जाते. अशा वेळी दुप्पट चपळ कारकून बसविला, तर प्रत्येकाचा वेळ नुसता निम्मा होत नाही; रांगच नाहीशी होते. या रांगांचे गणित डेन्मार्कच्या ए. के. एर्लांग यांनी टेलिफोनच्या मागण्यांवरून बांधण्यास आरंभ केला व त्यांचा पहिला निबंध १९०९ साली प्रसिद्ध झाला. त्या शास्त्रातील अगदी साधे सूत्र आपल्या दोन तबकड्यांना लावून पाहू. त्यासाठी मागण्या अनियमितपणे येतात आणि एकामागून एक पुऱ्या होतात, एवढे गृहीत धरावे लागते.

समजा, एखाद्या बँकेच्या मुख्य संगणकाकडे सेकंदाला ७० मागण्या येत आहेत. ७९ मागण्या पुऱ्या करू शकणाऱ्या घरगुती हार्ड डिस्कवर प्रत्येक मागणीला, रांगेतील वेळ धरून, सरासरी १११ मिलिसेकंद लागतील. १८० पुऱ्या करणाऱ्या हार्ड डिस्कवर ९ मिलिसेकंद. यंत्र सव्वादोन पट चपळ, पण वाट पाहणे बारापट कमी! मागण्या ८० झाल्या, तर पहिले यंत्र हातच टेकील. त्याची रांग कधी संपणारच नाही. आता हीच यंत्रे घरी आणू. घरी मागणी करणारा एक मनुष्य, तोही बहुतेक वेळ वाचीत किंवा लिहीत बसलेला. सेकंदाला पाच मागण्या धरल्या, तर घरगुती यंत्रावर १३.५ मिलिसेकंद आणि वेगवान यंत्रावर ५.७ मिलिसेकंद. आठ मिलिसेकंदांचा हा फरक मनुष्याला एकेका मागणीत जाणवतसुद्धा नाही. तेच यंत्र, तोच वेग. पण गर्दीत त्याचे मोल अनेक पट, आणि एकांतात जवळजवळ शून्य.

म्हणूनच बँका, शेअरबाजार, आरक्षणाची कार्यालये यांसारख्या ठिकाणी, जेथे हजारो लोकांच्या मागण्या एका यंत्रावर कोसळतात, तेथे लोकांनी जागेची, विजेची व पैशाची पर्वा न करता वेगवान हार्ड डिस्क घेतल्या. किंबहुना काही ठिकाणी तबकडीचा केवळ बाहेरचा भाग वापरून आतला मोकळा सोडीत, हेतू हा की हाताला दूर जावे लागू नये. जागा मुद्दाम वाया घालवून वेळ विकत घ्यायचा! घरच्या माणसाने असे केले असते, तर त्याला उधळ्याच म्हणावे लागले असते.

तरीही घरी गर्दीचा क्षण येतच नाही असे नाही, आणि प्रामाणिक विवेचनात तो लपविता कामा नये. संगणक सुरू होताना हजारो लहानसहान फाइली येथून तेथून उघडाव्या लागतात. मोठा कार्यक्रम चालू करताना, स्मृती अपुरी पडून संगणक तबकडीकडे धाव घेताना असाच कल्लोळ होतो. अशा वेळी हजारो छोट्या प्रतीक्षांची बेरीज मोठी होते. हौशी लोकांची ही गरज ओळखून वेस्टर्न डिजिटल कंपनीने २००३ साली १०,००० फेऱ्यांची ‘रॅप्टर’ ही हार्ड डिस्क घरगुती साटा जोडणीसह बाजारात आणली. तिच्यात ३६ गिगाबाइट मावत. त्या सुमारास साधी हार्ड डिस्क दोनशे गिगाबाइटांच्या पुढे गेली होती. २००८ साली तिची सुधारलेली आवृत्ती आली. तिच्यातील अडीच इंची हार्ड डिस्क उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या मोठ्या चौकटीत बसविलेली होती, आणि तिच्यात ३०० गिगाबाइट मावत. एक वर्ष आधीच हिताची कंपनीने ७,२०० फेऱ्यांत हजार गिगाबाइटांचा टप्पा गाठला होता. खेळांचे शौकीन आणि चित्रफितींचे काम करणारे यांनी रॅप्टरचे कौतुक केले. पण चार माणसांच्या संसारात ती शिरली नाही. पावणेतेरा मिलिसेकंदांची वाट आठांवर आणण्यासाठी कित्येक पट दर देण्यास गृहस्थ तयार झाला नाही, आणि त्याचे काही चुकलेही नाही.

शेवटचा निकाल मात्र एका तिसऱ्याच यंत्राने लावला. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश स्मृतीची कल्पना जगापुढे मांडली होती. तिच्यात तबकडी नाही, हात नाही, मोटार नाही. सिलिकनच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून नोंद ठेवली जाते. या स्मृतीपासून केलेल्या साठवणयंत्राला एसएसडी म्हणतात. २००८ साली इंटेल कंपनीने सामान्य संगणकांसाठी काढलेली ८० गिगाबाइटांची एसएसडी, उत्पादकाच्या आकड्याप्रमाणे, सेकंदाला ३५,००० पर्यंत छोट्या मागण्या वाचू शके. तबकडीच्या सर्वोत्तम १८० मागण्यांशी याची तुलना करून पाहावी. नोंद सापडण्यास लागणारा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास आला. तबकडी दुप्पट जोराने फिरविण्यासाठी यंत्रज्ञांनी आठ वर्षे खर्ची घातली. आणि जिंकले ते यंत्र, ज्याने फिरणेच सोडून दिले.

पुढे जे झाले ते क्रमप्राप्त होते. एसएसडी स्वस्त होत गेली, तशी ज्यांना वेगासाठी जादा पैसे मोजावयाचे होते त्यांनी ते तिच्यासाठी मोजले. रॅप्टरच्या मालिकेतील १,००० गिगाबाइटांची हार्ड डिस्क २०१२ साली आली व तीच तिची शेवटची मोठी बहीण ठरली. १५,००० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कच्या नव्या आवृत्त्या काढणेही त्या दशकाअखेर थांबले. आश्चर्य असे, की साधी ७,२०० फेऱ्यांची तबकडी मात्र मेली नाही. तिने वेगाची स्पर्धा सोडून जागेचे काम पत्करले. २०१३ साली तिच्या पेटीत हवेऐवजी हेलियम भरून ती बंद करण्याची युक्ती बाजारात आली. हेलियमची घनता हवेच्या सातव्या हिश्शाएवढी. त्यामुळे झगडा कमी, थरथर कमी, आणि तेवढ्याच पेटीत अधिक पातळ तबकड्या. जगभरच्या छायाचित्रांचा व चित्रफितींचा फार मोठा साठा आज अशाच संथ तबकड्यांवर विसावला आहे. अतिवेगवान नाहीशी झाली, मध्यम वेगाची टिकली. वेग हे जिचे एकमेव भांडवल होते तिला अधिक वेगवान यंत्र भेटताच ती संपली. जिच्याजवळ दुसरा गुण होता ती तरली.

यातून गृहस्थाने काय घ्यावे? घरी जुना संगणक असेल आणि तो सुरू होण्यास चहा उकळण्याइतका वेळ घेत असेल, तर तो टाकून देण्याची घाई करू नये. आधी स्मृती पुरेशी आहे का पाहावे. नंतर तबकडीच्या जागी बेताच्या क्षमतेची एसएसडी बसवावी. पुष्कळदा एवढ्यानेच तो संगणक आणखी काही वर्षे शाळेच्या अभ्यासाला अन् दुकानाच्या वह्यांना उपयोगी पडतो. मोठा संग्रह ठेवावयाचा असेल, तर साधी तबकडी अजूनही स्वस्त पडते. मात्र एक लक्षात ठेवावे: तबकडी असो वा एसएसडी, एकाच यंत्रावर ठेवलेली नोंद ही नोंद नव्हेच. तबकडी पुष्कळदा कुरकुर करून बिघाडाची सूचना देते. एसएसडी एखाद्या दिवशी न बोलता बंद पडू शकते. शिवाय विजेवाचून फार काळ कपाटात पडून राहिली, तर तिच्यातील भार हळूहळू ओसरू शकतो. आईवडिलांची छायाचित्रे आणि घराचे कागद दोन वेगळ्या यंत्रांवर, शक्यतो दोन वेगळ्या घरांत ठेवावेत. मोठ्या वेगापेक्षा या दुसऱ्या प्रतीवर केलेला खर्च कुटुंबाच्या अधिक कामी येतो.

तात्पर्य एवढेच, की वेगाला स्वतःची अशी किंमत नसते. त्याची किंमत कोण वाट पाहत आहे, कितीजण पाहत आहेत आणि त्यासाठी दुसरे काय सोडावे लागते, यांवर ठरते. गर्दीच्या खिडकीवर जो कारकून अमोल, तोच निवांत खिडकीवर नुसता महाग. यंत्र घेताना आकडा विचारण्याआधी आपली रांग केवढी आहे हे पाहावे. ती लहान असेल, तर संथ यंत्रही आपले काम चोख करील, आणि वाचलेले पैसे दुसऱ्या गरजेला उपयोगी पडतील.